समेवरचं बोट

आमच्या ह्यांना गाण्यातलं फार कळतं, असं लखनौमध्ये सगळे म्हणतात. लखनौमध्ये लोक तोंडावर कोणालाही काहीही गोड म्हणतात, ती इथली रीतच आहे. पण ह्यांनी ते खरं मानलं, आणि आता म्हातारपणी ते त्या एका वाक्यावरच जगत आहेत.

ह्यांची नोकरी मानक नगरला, रेल्वेच्या संशोधनाच्या कामात. तिथल्या कॉलनीत संसार झाला, मुलगा तिथेच वाढला आणि मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायला शिकून बंगळुरूला गेला. निवृत्तीनंतर पुण्याला परतायचं असं ठरलेलं होतं. पण पुण्यात गाण्यातलं कळणारी माणसं प्रत्येक सोसायटीत दोन-चार तरी निघतात, तिथे ह्यांना कोणी विचारलं नसतं. म्हणून आम्ही लखनौच्याच महानगर वस्तीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि इथेच राहिलो. इथे हे एकटेच 'महाराष्ट्र वाले भाईसाहब', संगीताच्या माहेरघरून आलेले. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात. लखनौ काही ओसाड नाही, पण आमच्या एरंडाने आपल्यापुरतं ओसाड गाव बरोबर शोधून काढलं.

थंडी पडली की आमचं फिरणं सुरू होतं. सकाळी चौकात मक्खन मलाई खायला जायचं, आणि ती कशी असायला हवी हे ह्यांनी विकणाऱ्याला समजावून सांगायचं. दुपारी एखाद्या बागेत ऊन खात बसायचं. कुठे गाणं असलं, वादन असलं, की सगळ्यांच्या आधी जाऊन पुढची जागा धरायची. पुण्याची नणंद फोनवर म्हणते, "वहिनी, तुमचं बरंय. या वयात जोडीनं हिंडता. आमचे हे तर टीव्हीसमोरून उठत नाहीत." मी म्हणते, हो ना. तिच्या नवऱ्याला मी ओळखते. टीव्हीसमोर बसलेला नवरा ही काय चीज असते ते तिला ठाऊक नाही. तो निदान घरात गप्प बसतो.

आमचे हे गप्प बसत नाहीत. कोणतंही गाणं ऐकून आलं की जिना चढता चढता माझी तोंडी परीक्षा होते. "काय गायला?" मी म्हणायची, भीमपलास. मग हे म्हणायचे, "ठोकलंस अंदाजपंचे." विचार करून सांगितलं तर, "उशीर केलास. ज्याला कळतं त्याला दुसऱ्या सुराला कळतं." आणि चुकले, तर ते पुढच्या महिन्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं जायचं. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण मी आयुष्यात ह्यांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकली तितक्या वेळा कोणत्या गाढवानेही ऐकली नसेल.

मी सांगलीची. शाळेत असल्यापासून लग्न ठरेपर्यंत गाणं शिकत होते. लग्न होऊन आठवडा झाला नसेल तेव्हा ह्यांनी मला म्हणायला लावलं. सासरची सगळी मंडळी दिवाणखान्यात बसली होती. मी छोटा ख्याल म्हटला. ह्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला आणि डोळे उघडून म्हणाले, "आवाज ठीक आहे. स्वयंपाकघरात चालेल." नणंदा हसल्या. मी त्यानंतर स्वयंपाकघरातसुद्धा गायले नाही. मुलाला झोपवताना ओव्या नाहीत की अंगाई नाही, पाठ थोपटली आणि झोपवलं.

मला ह्यांच्याकडून दागिने नको होते, साड्या नको होत्या. 'तुला कळतं,' एवढे दोन शब्द हवे होते. चारचौघांत नाही तर निदान जिन्यात. गाण्यांना मी ह्यांच्याबरोबर एवढी वर्षं गेले ती गाण्यासाठी, आणि ह्या दोन शब्दांसाठी.

मग ह्यांचे कान गेले. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू?

एकदम नाही गेले. आधी दाराची बेल गेली, मग फोनवरचा मुलगा गेला, मग मी गेले. डॉक्टरांनी यंत्र दिलं. यंत्र घातलं की गाणं पितळेच्या परातीवर चमचा वाजवल्यासारखं ऐकू येतं, असं म्हणून ह्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. त्यात थोडं तथ्यही असेल. पण खरं कारण हे, की यंत्र लोकांना दिसतं. ज्यांच्या कानाचं सगळ्यांना कौतुक, त्यांच्याच कानात यंत्र कसं चालेल?

गोमतीपलीकडच्या एका सभागृहात सतारीचा कार्यक्रम होता. तबलजी हातोडीने तबला सुरात मिळवत होता, आणि आमचे हे पुढच्या रांगेतून मोठ्यांदा म्हणाले, "क्या बात है!" सगळं सभागृह हसलं. लोकांना वाटलं, भाईसाहबांनी विनोद केला. ह्यांनीही हसून तसंच दाखवलं. घरी आल्यावर परीक्षा झाली नाही. हे जेवलेही नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी मजेत जेवले.

त्याच्या पुढच्या कार्यक्रमाला हे माझ्याशेजारी बसले आणि माझा हात आपल्या हातात घेतला. लोकांसमोर ह्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. स्टेशनच्या गर्दीतसुद्धा हे चार पावलं पुढे चालायचे. मला वाटलं चक्कर आली असेल, म्हणून मी पाणी पुढे केलं. हे नको म्हणाले. गाणं सुरू झालं. मला बोटांवर ताल धरायची जुनी सवय, लहानपणापासूनची. समेवर, तालाच्या पहिल्या ठोक्यावर, माझं बोट ह्यांच्या मनगटावर दाबलं गेलं, आणि त्याच क्षणी हे म्हणाले, "वाह!" गायकाने ह्यांच्याकडे पाहिलं, आदाब करत हात कपाळाशी नेला. माझा हात कशाला धरलाय ते मला कळलं.

ह्यांनी कधी मागितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आमच्या लग्नात कुठल्याच गोष्टीवर एवढं एकमत झालेलं नाही. हळूहळू त्याची एक पद्धत बसली. मुखडा जवळ आला की बोट हलकं टेकवायचं, म्हणजे हे तयारीत. सम आली की दाबायचं. तिहाई असली की तीनदा. एखादी तान फार सुंदर आली तर अंगठ्याने मनगटावर गोल फिरवायचं, मग हे मान हलवून 'अहाहा' करणार. दाद माझीच असायची, तोंड तेवढं ह्यांचं. बहिरेपणात ह्यांची कीर्ती वाढली. गाणारे ह्यांच्याकडे बघून गायला लागले.

आणि परीक्षा? तीही चालू राहिली. आता खरं तर हे माझ्याकडून उत्तर काढून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी फोनवर कोणाला सांगायला. पण विचारण्याची तऱ्हा तीच. "काय गायली?" मी कानाशी ओरडून सांगितलं की, "हं. आज लागला तुझा अंदाज." सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आमच्या हातांचा कोणीतरी फोटो काढला. सुरकुतलेल्या हातात सुरकुतलेला हात, मागे धूसर तंबोरा. तो सगळ्यांच्या फोनवर फिरला. पुण्याच्या नणंदेने त्याच्याखाली एवढे लाल बदाम टाकले की फोटो शोधावा लागला.

गाणं ऐकायच्या सगळ्या ठिकाणांतलं आमचं नेहमीचं ठिकाण म्हणजे महानगरमधलंच एक घर. घराची मालकीण कॉलेजची निवृत्त प्राचार्य, एकटी, सगळे तिला दीदी म्हणतात. थंडीत रविवारी सकाळी, धुकं उठून ऊन पडलं की तिच्या हिरवळीवर बैठक भरते. पुढे सतरंज्या, त्यावर पांढऱ्या चादरी, मागे गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या. मध्यंतरात चहा आणि मटारची घुगरी. पहिल्या चादरीवर मधोमध ह्यांची जागा आणि शेजारी माझी.

तिथे माझी जी बडदास्त राहायची ती काय सांगू. दीदी मला घ्यायला स्वतः फाटकापर्यंत यायची. पायरी आली की कोपराला धरायची. बायका माझ्याशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायच्या, मला वाटायचं मराठी बाईला हिंदी समजावं म्हणून. चहा कपात अर्धाच ओतून द्यायच्या आणि संपला की पुन्हा अर्धा. "भाभीजी, आपने कुछ खाया?" हे एकीने विचारलं की थोड्या वेळाने दुसरी विचारायची. बाथरूमला निघाले की कोणीतरी सोबत यायचं आणि दाराबाहेर उभं राहायचं. बँकेतून निवृत्त झालेली एक बाई तर दर वेळी नव्याने ओळख सांगायची, "मैं वही, बैंक वाली. याद है न?" हा लखनवी अदब, अशी माझी समजूत. सांगलीच्या बहिणीला मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलंसुद्धा, "इथल्या माणसांची रीत बघ. आपल्याकडे सख्ख्या सासूला कोणी एवढं विचारत नाही."

गेल्या जानेवारीतला एक रविवार. गाणारी मुलगी तरुण होती, बाहेरगावची. आवाज स्वच्छ, डोक्यात हवा नाही. पहिला राग संपला आणि चहा आला. बँकवालीचा नवरा सगळी गाणी फोनवर रेकॉर्ड करतो आणि एकही परत ऐकत नाही. तो कप घेऊन ह्यांच्याजवळ आला. "भाईसाहब, आसावरी थी न?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाचं नाव मनगटावर कसं सांगणार? ते आम्ही जिन्यात उरकायचो. हे नुसते गूढ हसत राहिले. हे असे हसले की समजावं, काही ऐकू आलेलं नाही.

त्या दिवशी कोण जाणे काय झालं, मीच बोलले. "जौनपुरी थी। चढ़ते हुए निषाद लग रहा था।"

गाणारी मुलगी जवळच उभी होती. ती पटकन वळून म्हणाली, "जी, जौनपुरी ही।"

मी ह्यांच्याकडे बघितलं. मुलीचं बोलणं ह्यांना ऐकू आलं नसेल, पण तिची होकाराची मान दिसली होती. मी बरोबर आहे हे ह्यांना कळलं होतं. आता म्हणतील, असं मला खरंच वाटलं. आजीबाई झाले तरी लग्नाच्या पोरीसारखी मी तोंडाकडे बघत उभी राहिले.

हे मोठ्यांदा हसले. "अरे, इनकी न सुनिए। इन्हें तो बस कुकर की सीटियाँ गिननी आती हैं। तुक्का लग गया।"

दुसरं कोणी हसलं नाही. सगळ्यांनी खाली मान घातली, कोणी घुगरीत चमचा फिरवत राहिलं. मला वाटलं, बरं झालं, ह्यांचा उद्धटपणा लोकांना दिसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी चादरीवरची शाल उचलली आणि मागे गुडघेवाल्या बायकांच्या रांगेत जाऊन बसले.

गाणं पुन्हा सुरू झालं. दुपार होत आली होती म्हणून तिने सारंग घेतला. एकताल, तोही इतका विलंबित की दोन समांच्या मध्ये माणसाने भाजी निवडून घ्यावी. हे चादरीवर एकटे. तळहात वर करून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलेला. दोनदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी पेरूच्या झाडाकडे बघत होते.

एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. मुलगी डोळे मिटून गायची आणि मग अधूनमधून सवयीने ह्यांच्याकडे बघायची. ह्यांचा धीर सुटत चाललेला मला पाठीवरून दिसत होता. तिने श्वास घ्यायला क्षणभर आवाज थांबवला, आणि तेवढ्यात, समेपासून कोसभर लांब, हे गरजले, "वाह! क्या बात है!"

मला इतकं बरं वाटलं. आता हसतील, म्हणून मी आजूबाजूला बघितलं. चोरी पकडलेली बघायला मिळावी तशी माझी उत्सुकता होती.

कोणी हसलं नाही. रेकॉर्डिंगवाल्याने ह्यांच्या मागोमाग "वाह" म्हटलं. मग आणखी दोघांनी म्हटलं. गाणाऱ्या मुलीने छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि पुढे गायला लागली. आख्ख्या हिरवळीने मिळून ह्यांची चूक झाकून टाकली. आणि दीदी ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. ती उठली आणि माझ्याजवळच्या खुर्चीवर येऊन बसली.

"भाभीजी, उठकर क्यों आ गईं? घबराहट हो रही है?"

"नहीं तो।"

"आप पास नहीं हैं तो भाईसाहब का ध्यान ही नहीं लग रहा। देखिए, कैसे बेचैन हैं। चलिए, मैं हाथ पकड़कर छोड़ आती हूँ।"

"हाथ पकड़कर क्यों? मुझे चलना नहीं आता क्या?"

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि आवाज खाली आणला. "हमसे क्या छुपाना। भाईसाहब ने हमें शुरू में ही सब बता दिया था। उम्र है, इसमें शर्म कैसी।"

मग मी एकेक विचारत गेले आणि ती एकेक सांगत गेली, अगदी मायेने. ह्यांनी सांगितलं होतं की माझं डोकं आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. माणसं विसरते, जागा विसरते. हात धरला नाही तर गर्दीत घाबरते, म्हणून बिचारे हे कार्यक्रमभर माझा हात सोडत नाहीत. लहानपणी थोडं गाणं शिकले होते तेवढं आत कुठेतरी शिल्लक आहे, त्यामुळे मध्येच मला वाटतं सम आली आणि मी ह्यांच्या मनगटावर बोट दाबते. आणि हे माझं मन राखायला 'वाह' म्हणतात. कधी ती वाह चुकीच्या जागी पडली तर मंडळींनी सांभाळून घ्यावं, एवढी ह्यांची विनंती होती.

म्हणजे बरोबर पडली तर ह्यांचे कान, आणि चुकली तर माझं डोकं.

मी म्हणाले, "दीदी, मुझे कुछ नहीं हुआ है। सुनाई उनको नहीं देता। कान उनके गए हैं।"

"हाँ-हाँ, बिल्कुल," दीदी म्हणाली. तापातल्या पोराला म्हणतात त्या आवाजात. आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बँकवालीकडे बघून तिने मान हलवली. बँकवालीने सुस्कारा टाकला. "यही कहेंगी, उन्होंने बताया था।"

तेही सांगून ठेवलं होतं. रेल्वेचा इंजिनियर, सगळ्या बाजू बघून काम करणारा.

मला अर्धा कप चहा आठवला. बाथरूमच्या दाराबाहेरची पावलं आठवली. तो अदब नव्हताच. खुळ्या म्हातारीला सांभाळत होते सगळे, आणि मी सांगलीला फोन करून त्याची फुशारकी मारत होते. राग आला, लाज वाटली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर दीदीने पाणी आणलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती. मी ऐकायला लागले. मुलगी वरच्या षड्जावर जाऊन उभी होती. मी गुडघ्यावर बोटं धरली. ती उतरायला लागली, पंचमावर रेंगाळली, मुखडा उचलला. मी सरळ बसले, आणि समेवर, नेमक्या समेवर, माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, "वाह!"

आयुष्यात पहिल्यांदा मी मैफलीत तोंड उघडलं होतं. आवाज चांगला खणखणीत निघाला. तबलजीने झटकन मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत मला स्पष्ट दिसलं, ह्या बाईला कळतं. पुढची मात्रा पडेपर्यंत मी फार सुखी होते.

मग टाळ्या सुरू झाल्या.

"वाह भाभीजी, वाह!" दीदीने मला जवळ घेतलं. गुडघेवालीने माझ्या गालाला हात लावला. "देखा, आज कितनी खुश हैं।" रेकॉर्डिंगवाल्याने फोन माझ्याकडे वळवला. चादरीवरची माणसं मागे वळून माझ्याकडे बघून हसत होती, पोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर हसतात तशी. तबलजीने ते सगळं बघितलं, त्याला मी कोण ते उमगलं, आणि तोही तसाच हसला.

टाळ्यांच्या गडबडीत ह्यांनी वळून बघितलं होतं. कोणीतरी ह्यांच्या कानाशी वाकून काय झालं ते सांगितलं. राग संपल्यावर हे उठले आणि खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आले. लोक बाजूला सरत होते. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. मग खाली वाकले आणि मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"मात्रा चुकली. एक मात्रा आधी आलीस."

ज्यांना एक सूर ऐकू आला नव्हता, ते हे सांगत होते. दीदीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, हे माझी समजूत घालताहेत.

घरी जाताना ई-रिक्षात हे खुशीत होते. मी ह्यांच्या कानाशी ओरडले, "तुम्ही काय सांगितलंत सगळ्यांना माझ्याबद्दल?"

नको ते ऐकू न येण्याची ह्यांची कला कानांपेक्षा जुनी आहे. पण त्या दिवशी ऐकलं. "मग काय सांगायचं होतं? या वयात हात धरून का बसता, म्हणून विचारलं त्यांनी. कान गेले म्हणून सांगू?"

"त्यापेक्षा माझं डोकं गेलं म्हणून सांगितलंत?"

चिडून बोलले असते तर मला परवडलं असतं. हे शांतपणे, समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, माझं तिथे नाव आहे. तुझं काय जातंय?" आणि ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, गड्ढा देख के।"

माझं काय गेलं होतं? जे कधी कोणी दिलंच नव्हतं, ते गेलं असं कोणाला सांगणार? जिन्यात ह्यांनी विचारलं, "काय गायली शेवटी?" मी सारंग असूनही मुलतानी सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे फोनवर कोणाला तरी त्या मुलतानीची खुमारी समजावत होते. पलीकडच्याने काय म्हटलं ते ह्यांना अर्थातच ऐकू आलं नाही.

पुढच्या बैठकीला मी येणार नाही असं ह्यांनी गृहीत धरलं होतं. स्वतः आजारी पडायची तयारीही केली होती, हे सकाळपासून खोकत होते. मी चांगली साडी नेसून दारात उभी राहिले. मी का जाऊ नये? गाणं काही ह्यांच्या मालकीचं नाही. खुळी तर खुळी. खुळीला पुढची जागा मिळते, चहा हातात मिळतो, आणि कोणी मध्ये गप्पा मारायला येत नाही. गाणं ऐकायला याच्याइतकी सोय नाही.

आता आम्ही पुन्हा पहिल्या चादरीवर मधोमध बसतो. मी ह्यांच्या शेजारीच बसते, पण दोन्ही हात शालीच्या आत ठेवते. ताल तिथेच धरते. ह्यांचा तळहात माझ्या मांडीजवळ उघडा पडून राहतो. बोटाशिवाय 'वाह' म्हणायची आता ह्यांची छाती होत नाही. गाणारे अजून ह्यांच्याकडे बघतात आणि हे दगडासारखे बसून असतात. मंडळींत त्याचाही अर्थ लागलेला आहे. बायकोच्या आजाराने भाईसाहब खचले, आता गाण्यातसुद्धा मन रमत नाही.

मन रमत नाही कसं? सम कुठे आहे ते माझ्या तोंडावरून कळतं का, म्हणून हे कार्यक्रमभर माझ्याकडे टक लावून बघत असतात. भुवई हलते का, ओठ हलतो का. मी चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू देत नाही. पंचमावर जीव ओवाळून टाकावा असं होतं, तरी नाही. एवढं सोपं नाही ते, पण शिकले.

मागच्या रविवारी दीदी नव्या आलेल्या दोन बायकांना माझ्या पाठीमागे हळू आवाजात सांगत होती, "देखिए, गाने वाली की तरफ़ देखते तक नहीं। बस इन्हीं को निहारते रहते हैं। इस उम्र में ऐसा प्यार!" त्यातल्या एकीने पुढे येऊन, डोळे पुसत, माझ्यासमोर हात जोडले. मुखडा आलेला होता, आणि हे श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. त्या बाईला मी साधी मानसुद्धा हलवली नाही. हलवली असती, तर हे 'वाह' म्हणाले असते.